पडलेल्यावर पोथी मिटत नाहीत

मी मुलींना मारायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाचा माझ्याबद्दल चांगला समज व्हायला नको. माझ्याकडे एक लाकडी पट्टी होती, तिच्या एका कडेला पितळेची बारीक किनार बसवलेली. मारायची ती त्या कडेनं. परळला मुलींच्या शाळेत मी अकरावीला मराठी शिकवत होते. गिरगावातून रोज ट्रामनं यायची. वय सत्तावीस, लग्न नाही, आणि डोकं सकाळपासून तापलेलं. मुलींनी माझं नाव 'फोडणी' ठेवलं होतं, कारण मी तडतडायला लागले की जवळ कुणी उभं राहत नसे. नाव अगदी बरोबर होतं, म्हणून त्यासाठी मी कुणाला मारलं नाही.

अकरावी म्हणजे मॅट्रिकचं वर्ष, आणि मॅट्रिकला निबंध. जूनमध्ये मी 'संध्याकाळ' असा साधा विषय दिला. चाळीस वह्या आल्या आणि चाळीसही वह्यांत सूर्यनारायण अस्ताचलाला निघाले होते, पाखरं घरट्याकडे परतत होती आणि एक गुराखी पावा वाजवत गाई घेऊन येत होता. लालबाग-परळच्या मुली या! एकीच्याही खोलीतून मावळता सूर्य दिसत नव्हता, दिसायची ती गिरणीची चिमणी. गाइडमधून उतरवलेलं होतं सगळं. मी पहिल्या बाकापासून सुरुवात केली. "गुराखी कुठे पाहिलास? परळ नाक्यावर?" आणि पट्टी. शेवटच्या बाकापर्यंत माझा हात दुखायला लागला होता.

पण मारून कुणाला लिहिता येत नाही, एवढी अक्कल मला होती. मग मी शाळेच्या वाचनालयातून एका जुन्या महाकाव्याच्या मराठी भाषांतराचा युद्धाचा खंड काढला. जाडजूड, कापडी बांधणीचा. मंगळवारी आणि शुक्रवारी तासाची पहिली वीस मिनिटं तो मोठ्यानं वाचायचा आणि मग लिहायचं, असं ठरवलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मुलींना शांतरसातलं काही घ्या ना." मी म्हटलं, शांतरस त्यांना गाइडमध्ये भरपूर मिळतो.

मला त्या कवीचं काय आवडायचं ते सांगते. त्याच्या युद्धात माणूस नुसता मरत नाही. बाण गळ्याच्या हाडाखालून शिरतो आणि पाठीतून बाहेर येतो. हातातला लगाम सुटतो. धनी पडला हे न कळल्यामुळे घोडे रथ ओढतच राहतात. आणि शत्रूकडचा पडला तरी कवी तेवढ्याच ओळी खर्च करतो, आपल्याकडचा म्हणून अर्धी ओळ जास्त नाही. मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले आणि ते वर्षभर पुसू दिले नाहीत: कुणी मारलं? कशानं मारलं? कुठे लागलं? पडल्यावर काय झालं? बाईंच्या निबंधात 'भीषण' आणि 'हृदयद्रावक' हे शब्द चालणार नाहीत, हे एका मुलीला पट्टी बसल्यावर बाकीच्यांना कळलं.

आणखी एक पद्धत होती माझी. निबंध लिहून झाला की बाकावरच्या दोघींनी वह्या बदलायच्या आणि एकमेकींचं पेन्सिलीनं तपासायचं. नुसतं शुद्धलेखन नाही, मैत्रिणीनं खोटं लिहिलं असेल तर तेही खोडायचं. खाली लिहायचं 'तपासले', आणि आणखी काही चूक नसेल तर 'बाकी बरोबर'. मग वह्या माझ्याकडे. खरं सांगायचं तर त्या पेन्सिलीच्या खुणांकडे मी बघतही नसे. माझी लाल शाई थोडी वाचावी, एवढाच हेतू. शनिवारी सगळ्यांत चांगले दोन निबंध लिहिणारीनं वर्गासमोर उभं राहून वाचायचे. त्या शनिवारसाठी मुली आठवडाभर मरमर लिहायच्या.

तिसऱ्या बाकावर दोघी बसायच्या. एक लालबागची, वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. दुसरी नायगावच्या पोलीस लाइनीतली, वडील शिपाई. दोघींची मूळ गावं कोकणात एकाच खाडीच्या समोरासमोरच्या काठांवर, त्यामुळे पहिल्या दिवसापासून गट्टी. डब्यातली सुकट वाटून खायच्या आणि मग तासभर वर्गाला वास. लालबागची बडबडी, नायगावची कमी बोलणारी आणि अक्षर मोत्यासारखं. दोघी चांगलं लिहू लागल्या होत्या, आणि ते माझ्या पट्टीमुळे नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

एकदा वाचता वाचता घंटा झाली. एक तरुण योद्धा नुकताच पडला होता, मांडीत भाला, तोंडात धूळ. मी पुस्तक मिटायला गेले तर लालबागची उभी राहिली.

"बाई, इथं थांबायचं नाय."

"का?"

"पडलेल्यावर पोथी मिटत नाहीत. आमच्या चाळीत श्रावणात पोथी लावतात ना, तिथं कुणी पडला की त्याला कुणीतरी पाणी पाजेपर्यंत वाचायचं. मगच मिटायची."

"आणि पोथीत कुणी पाणी पाजलंच नाही तर?"

"तर मग वाचणारे आजोबा फुलपात्रातलं पाणी पोथीपुढं जमिनीवर सोडतात. त्याच्या नावानं."

वर्ग हसला. मला राग आला, कारण वर्ग माझ्या तासाला माझ्या परवानगीशिवाय हसला होता. मी पुस्तक धाडकन मिटलं. म्हटलं, ही पोथी नाही, मॅट्रिकची तयारी आहे. मी टेबलापाशी वळले तेवढ्यात तिनं प्यायच्या पाण्याच्या बाटलीतून चार थेंब बाकाखाली सोडले. मी ते पाहिलं आणि तिला दोन पट्ट्या दिल्या. नायगावच्या मुलीनं न विचारता आपलाही हात पुढे केला. मी तिलाही दिल्या.

त्याच वर्षी शहर पेटलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावर लालबाग-परळमध्ये घराघरांत भांडी वाजत होती. शाळेच्या भिंतीवर, संडासाच्या दारावर, माझ्या फळ्यावरच्या चार प्रश्नांच्या खाली रोज सकाळी कोळशानं किंवा खडूनं 'झालाच पाहिजे' लिहिलेलं असायचं. मला ते हवंच होतं, मीही सभांना जायची, घसा बसेपर्यंत ओरडायची. पण वर्गात तीन मुली पोलिसांच्या होत्या. त्यांच्याशी बोलणं बंद झालं. एके दिवशी कुणीतरी नायगावच्या मुलीच्या पाठीवर 'पोलिसाची' अशी चिठ्ठी चिकटवली. चिकटवणारी कोण ते लालबागच्या मुलीनं शोधून काढलं आणि तिला केसांना धरून नळाच्या कठड्यावर तिचं डोकं आपटलं. तीन टाके पडले. मी तिला चांगलं बडवलं, आणि मनात म्हटलं, शाब्बास.

मग गोळीबार सुरू झाला. त्या दिवशी माझी ट्राम लालबागच्या अलीकडे थांबली ती पुढे गेलीच नाही. काचा फुटत होत्या, आम्ही बाकांखाली वाकलो होतो. रस्त्यावर पिंपं आडवी टाकलेली, धूर, आणि पळणारी माणसं. मी मान वर केली तेव्हा कोपऱ्यावर एक माणूस डबा हातात घेऊन उभा होता. तो खाली बसला. दमून बसावं तसा बसला. मग त्याच्या सदऱ्यावर लाल डाग दिसला आणि तो वाढत गेला. कंडक्टरनं माझं डोकं दाबून खाली केलं. पडल्यावर काय झालं, ते मला माहीत नाही. मी बघितलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी ते लिहून काढायचा प्रयत्न केला आणि माझ्या कागदावर 'हृदयद्रावक' हाच शब्द यायचा. फाडून टाकायची.

शाळा बऱ्याच दिवसांनी एका बुधवारी उघडली. लालबागची आली तेव्हा तिच्या पोलक्याची दोन बटणं नव्हती आणि ती कुणाशी बोलत नव्हती. तिच्या वडिलांना पोलिसांनी उचलून नेलं होतं, हे वर्गाला ठाऊक होतं. नायगावचीही आली. तिच्या वडिलांना दंगलीत जबर मार लागला होता, हेही वर्गाला ठाऊक होतं. दोघी त्याच बाकावर बसल्या, मध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त जागा सोडून.

मी गुरुवारी निबंध दिला: 'मी पाहिलेला एक प्रसंग'. फळ्यावरच्या चार प्रश्नांकडे पट्टी रोखली. शहाण्या बाईनं त्या दिवसांत हा विषय दिला नसता. पण मला जे लिहिता येत नव्हतं ते कुणीतरी लिहावं, असं मला वाटत होतं, आणि माझ्या हाताखाली चाळीस मुली होत्या. पूर्ण तासभर नुसता टाकांचा आवाज येत होता. एकीनंही मान वर केली नाही. मग वह्या बदलल्या, पेन्सिली निघाल्या, आणि घंटेला गठ्ठा माझ्या टेबलावर आला.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत लालबागच्या मुलीची आई मला भेटायला आली. जिन्यापाशी उभी होती, आत यायला तयार नाही. पोलिसांना इंग्रजीत अर्ज लिहून द्या म्हणाली.

"बाईनू, तेका खय ठेवलो हा ता तरी इचारा. हाताच्या बोटांवर मारतत म्हणान ऐकलंय."

काय घडलं ते तिनं सांगितलं. त्यांच्या चाळीच्या गॅलरीतून एका पोलिसावर वरवंटा पडला होता. नंतर पोलीस जास्त कुमक घेऊन आले आणि प्रत्येक खोलीत शिरून पाटा बघत सुटले. सगळ्यांच्या पाट्यावर वरवंटा होता, यांच्या पाट्यावर नव्हता. एकानं विचारलं, वरवंटा कुठाय? नवरा म्हणाला, मीच टाकला. त्याला केसांना धरून चार जिने खाली ओढत नेलं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं वाजत होतं.

"तो तर रातपाळी करून निजलेलो हुतो," ती म्हणाली.

"मग टाकला कुणी?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली आणि मग पदर डोक्यावर घेऊन निघून गेली.

संध्याकाळी घरी मी गठ्ठा सोडला. नायगावच्या मुलीची वही आधी हाताला लागली. तिनं लिहिलं होतं:

"बाबांना चौघांनी धरून आणले. डावा हात सदऱ्याच्या आत दोरीने बांधला होता. खांद्याचे हाड मोडले आहे. हाडाचे टोक कातडीखाली वर आलेले दिसते. आईने सदरा कात्रीने कापला तेव्हा बाबा ओरडले. मी त्यांना ओरडताना आधी ऐकले नव्हते. मारणारा त्यांनी पाहिला नाही. पडल्यावर एका मुलीने त्यांना पाणी पाजले. तिचा चेहरा त्यांना आठवतो. ते म्हणतात ती थरथरत होती."

मग तिच्या बाकावरच्या मैत्रिणीची.

"बाबा रातपाळी करून झोपले होते. मी गॅलरीत होते. खाली पोलीस समोरच्या चाळीतल्या एका माणसाला मारत होते. तो पडला होता तरी मारत होते. त्याचा एक दात फरशीवर पडलेला मला वरून दिसला. मी आत जाऊन वरवंटा दोन्ही हातांनी उचलला. कठड्यावर ठेवला. मग ढकलला. तो एका पोलिसाच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वर आला. पोलीस आधी गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला. बाकीचे पळाले. पडलेल्यावर थांबायचे नाही म्हणून मी तांब्या घेऊन खाली गेले. त्याच्यासमोर बसून मी त्याला पाणी पाजले. अर्धे सांडले. त्याने विचारले, बाळ, तू कुणाची. मी सांगितले नाही. नंतर पोलिसांनी बाबांना नेले. बाबांनी काही केलेले नाही. वरवंटा मी टाकला."

एकीनं डावा खांदा लिहिला होता, दुसरीनं उजवा, म्हणून क्षणभर मला आशा वाटली की माणसं दोन असतील. पण पाणी एकच होतं.

माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली तेही सांगते, लाज वाटली तरी. निबंध उत्तम होता. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. लाल टाक माझ्या हातात होता आणि मी गुण द्यायला वाकले होते. मग मी टाक खाली ठेवला. कारण उद्या शनिवार होता, आणि उद्या वर्गासमोर वाचायचे दोन सगळ्यांत चांगले निबंध हेच होते. लालबागचीनं तो वाचायलाच लिहिला होता. चाळीस मुलींसमोर, शेजारी त्या पोलिसाची मुलगी बसलेली असताना, ती उभी राहून म्हणणार होती की वरवंटा मी टाकला. म्हणजे बाप सुटेल. आणि दुपारपर्यंत पोलीस शाळेच्या दारात येऊन हिला घेऊन जातील. पंधरा वर्षांची मुलगी. कोठडीत बोटांवर मारतात हे मी दुपारीच ऐकलं होतं.

मी ते पान फाडलं. शनिवारी शाळा भरण्याआधी वाचनालयात जाऊन महाकाव्याच्या त्या खंडात, शेवटच्या पर्वात दडवलं. त्या पुस्तकाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं.

शनिवारच्या तासाला मी म्हटलं, आज निबंध वाचायचे नाहीत, व्याकरण काढा. लालबागची उभी राहिली.

"बाई, माझा वाचायचाय."

"तुझा निबंध मला मिळाला नाही."

"दिलाय बाई." तिनं वही उघडून वर धरली. शिवणीपाशी फाटलेल्या पानाच्या दशा दिसत होत्या. "कुणीतरी पान फाडलंय."

"खोटं बोलतेस," मी म्हटलं, आणि तिच्या थोबाडीत दिली. इतकी जोरात दिली की ती बाकावर आदळली आणि तिच्या कानातली रिंग तुटून खाली पडली. खोटं कोण बोलत होतं हे आम्हा दोघींनाच माहीत आहे, असं मी समजत होते.

मग नायगावची उठली. वर्षभरात ती आपण होऊन कधी उठली नव्हती.

"बाई, ती खोटं नाय बोलत. तिनं लिहिलाय. तिला वाचू द्या."

मला वाटलं, या वेडीला काय माहीत आपण काय ऐकायला मागतोय! बापाच्या हाडाचा आवाज ऐकायचाय हिला! तिला गप्प करायलाच हवं होतं, आणि गप्प करायचा मला एकच उपाय येत होता. "हात पुढे कर," मी म्हटलं. तिनं केला. मी पितळेच्या कडेनं मारलं. तिनं हात मागे घेतला नाही. मी पुन्हा मारलं, पुन्हा, पाचव्या की सहाव्या फटक्याला तळहाताची कातडी फाटली आणि रक्त बाकावर टपकलं. लालबागची ओरडत माझ्या अंगावर आली आणि पट्टी हिसकायला लागली. मी तिला कोपरानं ढकललं. सगळा वर्ग उभा राहिला होता.

नायगावची माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही पान नीट बघितलं नाय."

मला तो उद्धटपणा वाटला. मी आणखी एक मारली.

तो इंग्रजी अर्ज मी लिहून दिला. ठाण्यावर त्या कागदानं कुणी टेबल पुसलं असेल.  लालबागच्या मुलीची आई एक दिवसाआड जिन्यापाशी यायची. आज म्हणे भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आज म्हणे पायाला सूज आहे, चप्पल चढत नाही. तू एकटा नव्हतास, वरून आणखी कोण टाकत होतं, नावं सांग, म्हणून बोटं टेबलावर ठेवून दंडुक्यानं मारतात. मी ऐकायची, मान हलवायची आणि तासाला जायची. ते पान ठाण्यावर नेऊन दिलं तर माणूस त्याच दिवशी सुटणार होता आणि त्याची मुलगी आत जाणार होती. नाही दिलं तर कदाचित तो मरणार होता. बापानं काय निवडलं ते त्यानं सांगूनच ठेवलं होतं. मुलीनं काय निवडलं ते तिनं लिहून ठेवलं होतं. त्या दोघांच्या मध्ये मी पुस्तकाच्या कपाटाची किल्ली कमरेला खोचून उभी होते, आणि हा सगळा निर्णय माझाच आहे अशा थाटात वागत होते. लालबागची वर्गात यायची, माझ्याकडे बघायचीही नाही. मंगळवार-शुक्रवारचं वाचन मी बंद केलं. युद्धाचं वर्णन माझ्या तोंडून निघेना.

आणि मग एक दिवस तो सुटला.

आईनंच येऊन सांगितलं. या वेळी ती जिन्यापाशी थांबली नाही, शिक्षकांच्या खोलीत आत आली आणि खुर्चीवर बसली. त्या शिपायाला ओळख पटवायला ठाण्यावर आणलं होतं, हात गळ्यात बांधलेला. त्याच्यासमोर हिच्या नवऱ्याला उभं केलं. शिपाई म्हणाला, हा नव्हे. वरून काही पडलंच नाही. वरवंटा रस्त्यावरच्या एकानं उचलून मारला. तरुण होता, दाढीवाला, समोरून आला होता, मी चेहरा पाहिलाय. साहेबानं तीनदा विचारलं, शिव्या घातल्या. तो तेच म्हणत राहिला.

"तेणां खोटां सांगल्यान, बाईनू," ती म्हणाली. "कशाक सांगल्यान, देवाक म्हायत."

नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नव्हती. तुटलेला धागा जोडायला तीच बोटं लागतात. साच्यावर तो परत उभा राहिला नाही, गिरणीनं त्याला झाडूवर घेतलं. हे सांगताना ती रडली नाही. जिवंत आहे ना, म्हणाली.

ती गेल्यावर मी बसून राहिले. त्या शिपायानं मारणाऱ्याला पाहिलंच नव्हतं, हे त्याच्या मुलीनं आपल्या हातानं लिहिलं होतं. मग आता दाढीवाला कुठून आला? पाणी पाजणाऱ्या मुलीचा चेहरा त्याला आठवत होता, पण ती कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. जिला माहीत होतं अशी मला तर एकच मुलगी ठाऊक होती, आणि ती नायगावला जाऊन सांगणार नव्हती. मग मला ते वाक्य आठवलं. तुम्ही पान नीट बघितलं नाय.

शाळा सुटली होती. मी वाचनालयाचं कपाट उघडलं, तो खंड काढला आणि खिडकीपाशी गेले. पान अजून तिथेच होतं. शाईतला मजकूर मला एव्हाना पाठ होता, म्हणून या वेळी मी तो वाचला नाही. ज्याच्याकडे मी वर्षभर कधी बघितलं नव्हतं, ते बघितलं. पेन्सिल फिकट होती, पान उजेडात तिरपं धरावं लागलं.

ऱ्हस्वदीर्घाची एकही खूण नव्हती. सगळ्या पानावर एकच दुरुस्ती होती. 'उजव्या खांद्यावर' मधल्या 'उजव्या'वर एक सरळ रेघ, आणि वर बारीक अक्षरात 'डाव्या'. समोर बसून पाणी पाजणाऱ्या मुलीला तो खांदा उजवीकडे दिसला होता, तेवढी चूक झाली होती. दुरुस्त करणारीनं तो खांदा रोज घरी पाहिला होता. म्हणजे गुरुवारच्या त्या तासालाच, त्याच बाकावर, मैत्रीण शेजारी बसलेली असताना, तिनं सगळं वाचलं होतं. शनिवारी हात पुढे केला तेव्हाही तिला सगळं ठाऊक होतं.

'वरवंटा मी टाकला' या शेवटच्या ओळीखाली, नेहमीच्या जागी, नेहमीच्या मोत्यासारख्या अक्षरात, तिनं लिहिलं होतं: तपासले. बाकी बरोबर.